ट्रिप्टोफॅनच्या शेजारी कोण?

शालन,

परवा दत्तूभाऊ तुझा कॉम्प्युटर माझ्या घरी ठेवून गेला. तुझा इंदिरानगरचा फ्लॅट त्यानं रिकामा केला. भांडी वहिनीनं नेली, कपाट मळ्यात गेलं आणि हे धूड माझ्याकडे आलं. टेम्पोत कोबीच्या रिकाम्या गोण्यांवर मॉनिटर निजवून आणला होता, तुझ्याच निळ्या चादरीत गुंडाळून. "ताई, आमच्यात हे कोणाला कळायचं नाय," तो म्हणाला. "भंगारात द्यायला हात होत नाय. तुमच्याकडं राहू द्या." मी जागा दाखवली, सासूबाईंच्या शिवणयंत्राशेजारी, खिडकीखाली. तुला ती जागा आवडली नसती. तिथे ऊन येतं.

चहा पिऊन तो निघाला. चपला घालता घालता थांबला आणि पाठमोराच म्हणाला, "तिला एकटं वाटत आसंल का हो, ताई? तुमी तर लय वरसं जात होत्या तिच्याकडं." मी त्याला म्हटलं, टेम्पो रस्त्यात उभा आहे, मागून बस येईल. बस खरंच येत होती. पण ते काही उत्तर नव्हतं.

तो गेला आणि माझ्याकडे दोन प्रश्न पडून राहिले. एक तुझ्या भावाचा. दुसरा आपल्या लेखाच्या परीक्षकाचा, जो तू असतानाच आला होता आणि ज्याच्या उत्तरावरून आपण अख्खा हिवाळा भांडलो. आपण तपासलेल्या प्रथिनाच्या बाहेरच्या अंगावर ट्रिप्टोफॅन नावाचं एक अमिनो आम्ल आहे, ते कोणालाच कसं टेकत नाही, याचा खुलासा करा, नाहीतर तो भाग गाळा. खुलासा माझा एक, तुझा दुसरा. आणि ऐन भांडणात तू उठून गेलीस. हे बरं केलं नाहीस.

लोक मला भेटायला येत नाहीत. येतील कशाला? मी तुझी कोणीच नव्हते. कॉलेजात आपण दोघी शिकवायचो, तू केमिस्ट्री आणि मी फिजिक्स, एवढंच सगळ्यांना माहीत. स्टाफरूममध्ये दोन मिनिटं उभे राहिले सगळे, मग परीक्षेच्या ड्यूट्या वाटून झाल्या. तुझं टेबल एका नव्या मुलीला मिळालं. तिनं काचेखालचा अमिनो आम्लांचा तक्ता काढून तिथे देवाचा फोटो लावला. चांगली मुलगी आहे. मला तिचा उगाच राग येतो.

घरी सहा माणसं. यांची सातपूरच्या कारखान्यात शिफ्ट, मुलांचे क्लास, सासूबाईंची औषधं. कोणीतरी सतत काहीतरी विचारत असतं आणि मी सतत काहीतरी सांगत असते. तू गेलीस त्या आठवड्यात यांनी मला दोनदा स्वतः चहा करून दिला. त्यांच्या परीनं खूप केलं. पण रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला मी पर्स काढली, तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठे?" आणि मी पर्स परत ठेवली.

आठवतं, आपली सुरुवात कशी झाली? पुण्याला शिक्षकांचा उन्हाळी वर्ग होता. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पडद्यावर प्रथिनाचा रेणू फिरवून दाखवला. बाकीचे जांभया देत होते आणि तू पुढच्या बाकावर सरकून बसलीस. परतीच्या एसटीत सिन्नर येईपर्यंत तू बोलत होतीस. मला काही नीट कळलं नाही म्हटल्यावर तू पिशवीतून झेंडूची माळ काढलीस. पुण्यातल्या कोणी मैत्रिणीनं निरोपाला घातलेली, सुकलेली. दसऱ्याच्या आधी पहाटे उठून मळ्यात अशा माळा ओवून मगच तू शाळेत जायचीस, म्हणून माळ हातात आली की तुझी बोटं आपोआप चालायची. ती सरळ धरून म्हणालीस, ही साखळी, एकेक फूल म्हणजे एकेक अमिनो आम्ल. मग मुठीत गोळा केलीस. "आता बघ. माळेत हे पहिलं आणि ते शेवटचं, पण मुठीत एकमेकांना टेकलेत. कोण कोणाला टेकलंय, ते मोजायचं. बास." तेवढं मला कळलं. पुढच्या सगळ्या वर्षांत मला खरं म्हणजे तेवढंच कळलं, बाकीचं गणित होतं.

त्या वेळी आपल्याकडे इंटरनेट कुठलं. पुण्याच्या प्रयोगशाळेत सीडी होती, तिच्यावर जगभरातल्या रेणूंच्या फाइली, एकेका अणूचा पत्ता लिहिलेल्या. तिथून त्या फ्लॉपीवर उतरवून आणायच्या. धूळ लागू नये म्हणून फ्लॉप्या तुझ्या पोळ्यांच्या डब्यात. एकीला हळदीच्या तेलाचा डाग पडला होता आणि तरी ती चालली, याचं तुला कोण कौतुक.

फ्लॉपीत मावेल किती? म्हणून तू नियम केलास, प्रत्येक फाइलच्या वरचा मजकूर उडवायचा. रेणू कोणी शोधला, स्फटिक कसा केला, तो कसा रचलेला असतो, असं पानंच्या पानं लिहिलेलं असायचं. तू त्याला पाल्हाळ म्हणायचीस. बाजारात न्यायच्या आधी जुडीचा खालचा पाला खुडावा तसा तू तो सपासप काढून टाकायचीस आणि फक्त अणूंच्या ओळी ठेवायचीस. तुला त्यात फार समाधान मिळायचं. मीही तेव्हा हरकत घेतली नाही, एका फ्लॉपीत जास्त रेणू बसत होते.

मग रविवारची आपली घडी बसली. मी तुझ्याकडे यायची, तू मशीन सुरू करून ठेवलेलं असायचं. एक फाइल घालायची, प्रोग्रॅम चालवायचा. तो प्रत्येक अणूपासून प्रत्येक अणूपर्यंतचं अंतर मोजायचा आणि त्यात त्याला भरपूर वेळ लागायचा. तेवढ्यात तुझे पोहे व्हायचे. अंतर साडेचार आँगस्ट्रॉमच्या आत असेल तर स्पर्श, नाहीतर नाही. एका सेंटिमीटरचे दहा कोटी भाग करावे आणि त्यातले साडेचार घ्यावे, एवढीशी ती जागा. मी म्हणायची, थोडं सैल धर, सहा धर, सात धर, पुष्कळ जण धरतात. तू ऐकायची नाहीस. "एका खोलीत बसले म्हणून टेकले असं होत नाही, विजू. हात पोचला तर स्पर्श."

शिवाय साखळीतले सख्खे शेजारी मोजायचे नाहीत. ते बांधलेलेच असतात, त्यांच्या जवळ असण्यातून काही कळत नाही. ज्याला स्वतःच्या आजूबाजूचे सोडून दुसरं कोणीच टेकत नाही, त्याच्यापुढे प्रोग्रॅम "एकटं" असं छापायचा, इंग्रजी अक्षरांत. चाचणीच्या वेळी गंमत म्हणून तू ते घातलंस आणि काढायचं राहून गेलं. माझ्या दृष्टीनं ते राहून गेलं. तुझं मला माहीत नाही.

हे ट्रिप्टोफॅन तसं निघालं. लायसीनसारखी मंडळी बाहेर पाण्यात एकटी असली तर कोणाला नवल नाही, त्यांना पाणी आवडतंच. पण ट्रिप्टोफॅन म्हणजे थोराड अंगाचं, पाण्याचा तिटकारा असलेलं. ते आत, गर्दीत, चार जणांत बसणार. हे मात्र बाहेर पाण्यात उभं, आणि त्याच्यापुढे ते तुझं "एकटं". मी म्हटलं, हे शक्य नाही. याच्या शेजारी कोणीतरी आहे, ते या फाइलमध्ये नाही एवढंच. स्फटिकात हे रेणू एकाशेजारी एक रचलेले असतात. फाइलमध्ये त्यातला एकच लिहितात. बाकीचे कुठे, कसे फिरवून ठेवायचे, ते वरच्या मजकुरात असतं, आणि तो तर आपण खुडून टाकलाय. पूर्ण फाइल पुन्हा आणू या.

तू म्हणालीस, स्फटिकात दाटीवाटीनं बसवल्यामुळे कोणी कोणाला टेकलं तर तो काय स्पर्श? सातपूरच्या बसमध्येही टेकतात. गाडीतून उतरलं की संपलं.

मुद्दा बिनतोड होता, हे मी तेव्हाही मानलं. पण माझं मन घेईना. परीक्षकाचा प्रश्न आल्यावर मी तो पुन्हा उकरला, आणि मग दर रविवारी पोह्यांबरोबर तेच. तू अगदी शांतपणे भांडायचीस. मी हातवारे करायची आणि तू स्क्रीनकडे बघत कढीपत्ता बाजूला काढायचीस.

त्याच हिवाळ्यात वहिनीनं ते निफाडचं स्थळ आणलं होतं. पन्नाशीच्या बाईला स्थळ, म्हणून तू आधी खूप हसलीस. विधुर, द्राक्षबागा, बंगला, मुली लग्न होऊन गेलेल्या. तू त्याला भेटून आलीस आणि मला सगळं साग्रसंगीत सांगितलंस. माणूस सभ्य होता म्हणे. तासभर तुला फवारणीचं वेळापत्रक सांगत होता आणि तू त्याच्या औषधांतली रसायनं दुरुस्त करत होतीस. जाताना त्यानं पेटीभर द्राक्षं दिली. ती आपण प्रोग्रॅम चालू असताना खाल्ली, गोड होती. मी म्हटलं, शालन, हो म्हण. पुढे आजारपणं आहेत, म्हातारपण आहे. फ्लॅटचं दार लावून आत एकटीनं बसण्यात काय आहे? मी बरंच बोलले. मी चांगल्या मनानं बोलत होते, आणि तसं बोलताना माणसाला थांबावंसं वाटत नाही.

तू द्राक्षाचा देठ पेपरावर ठेवलास. "तू माझ्या शेजारी कोणीतरी बसवल्याशिवाय गप्प राहणार नाहीस," म्हणालीस. "त्या ट्रिप्टोफॅनच्याही. फाइलमध्ये ते एकटं आहे ना? मग एकटं लिही. त्याला सोबत शोधत बसू नकोस."

"आणि असली तर?"

"असली तर त्याचं ते बघेल."

मी त्या दिवशी लवकर निघाले. तू दारापर्यंत आलीस, उरलेली द्राक्षं मुलांसाठी दिलीस. पुढच्या रविवारी आपण दुसऱ्याच रेणूवर काम केलं आणि दोघी जरा जास्तच गोड बोललो. त्याच्या पुढच्या रविवारी तुझे डोळे पिवळे दिसले. कावीळ म्हणून तू दवाखान्यात गेलीस, मग डॉक्टरांनी दुसरंच नाव सांगितलं, आणि उन्हाळा पुरता लागायच्या आत सगळं आटोपलं.

दवाखान्यात माणसांची रीघ होती. मळ्यातली भावकी, विद्यार्थी, वहिनीच्या माहेरची मंडळी. मी कोपऱ्यातल्या स्टुलावर. एकदा सगळे डबे आणायला गेले असताना तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "काय म्हणतंय ते?" मला लगेच कळलं. म्हटलं, अजून तिथेच उभं आहे. तू मान डोलावलीस, जिंकल्यासारखी. मला तेव्हा भांडायला हवं होतं का? तू वाट बघत होतीस असं मला नंतर वाटलं. पण नाकात नळी असलेल्या माणसाशी साडेचार आँगस्ट्रॉमवरून कोण भांडतं? तुझे पाय चेपत बसले. तू पाय ओढून घेतलेस, तुला ते कधीच आवडायचं नाही.

परवा दत्तूभाऊ गेल्यावर मी मशीन जोडलं. ते सुरू होईल असं वाटलं नव्हतं. तोच घरघराट, तोच काळा पडदा. सासूबाई म्हणाल्या, हा आवाज येणार का रात्रभर? म्हटलं, नाही, दिवसाच.

थोरल्यानं मागच्या वर्षी घरी ब्रॉडबँड घेतलंय. तो गाणी उतरवतो त्याच मशीनवर मी आपल्या रेणूची फाइल उतरवली, पूर्ण, पाल्हाळासकट. चहा निवायच्या आत आली. आपण पोळ्यांचा डबा घेऊन पुण्याला जायचो, शालन. पहिल्यांदाच मी ती अगदी वरून वाचायला लागले. शोधणाऱ्यांची नावं, स्फटिक किती दिवसांत वाढला, आणि बरंच खाली ती माहिती. हा रेणू काम करताना नेहमी जोडीनं असतो. स्फटिकातच नाही, पाण्यातसुद्धा. फाइलमध्ये अर्धाच लिहिला आहे. उरलेला अर्धा हवा असेल तर हाच अर्धा फेरा फिरवून, इतका इतका सरकवून शेजारी ठेवा.

म्हणजे ही बसमधली दाटी नव्हती. मी बरोबर होते. खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हतं आणि मी मोठ्यानं म्हणाले, "बघ." कोणाशी बोलतेस म्हणून सासूबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

फिरवण्याचं गणित मला येतं, तेवढ्यासाठी तर तू मला बरोबर घेतलं होतंस. काल रविवारी सकाळी मी दुसरा अर्धा तयार केला, दोन्ही तुझ्या मशीनमध्ये घातले आणि तुझाच प्रोग्रॅम चालवला. एका अक्षरानं बदलला नाही. पोहे केले नाहीत, नुसती बसून राहिले. ओळी सरकायला लागल्या. ट्रिप्टोफॅनची ओळ आली आणि तिच्यापुढे "एकटं" नव्हतं. स्पर्श होते, एक नाही, पुष्कळ. अगदी अंगाला अंग लावून.

आणि ज्याला टेकलं होतं तेही ट्रिप्टोफॅनच. तेच, त्याच क्रमांकाचं, दुसऱ्या अर्ध्यातलं.

आता तू काय म्हणशील ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. म्हणशील, बघ, मी काय सांगत होते? त्याच्या शेजारी तेच आहे, दुसरं कोण आहे? स्वतःचीच प्रत. एकटंच की. मी म्हणेन, प्रत असली तरी ती दुसरीकडे उभी आहे, तिचा पत्ता वेगळा आहे, अंतर मोजता येतं, म्हणजे ते दुसरं. तू म्हणशील, फाइलमध्ये एकच पत्ता आहे, दुसरा तू लिहिलास. मी म्हणेन, मी लिहिला नाही, तो होता, आपण खुडला. यावर तू काय म्हणशील? इथे मी अडते. इथून पुढचं तुझं मला बोलता येत नाही. मी बराच वेळ तिथे बसून प्रयत्न केला. तुझ्या बाजूनं काहीतरी सुचेल म्हणून पाहिलं, तुला जिंकवायचीही माझी तयारी होती. काही सुचलं नाही. भांडण जिंकल्यावर इतकं भकास वाटतं हे मला माहीत नव्हतं.

परीक्षकाला मी लिहिलंय, रेणू जोडीनं असतो, दोन्ही ट्रिप्टोफॅन एकमेकांना टेकतात, खुलासा सोबत जोडला आहे. खाली आपली दोघींची नावं. तुझ्या नावापुढे एक छोटीशी खूण घालायची पद्धत आहे, लेखक हयात नसल्याची. ती अजून घातली नाही. आज घालते.

काल प्रोग्रॅम चालू असतानाच दाराची बेल वाजली होती. दत्तूभाऊ होता, बाजार उरकून, हातात कोथिंबीर आणि शेपूच्या जुड्या. तुझ्या वहिनीनं पाठवलं म्हणाला. आत आला, मशीन चालू बघून त्याचा चेहरा जरासा उजळला, आणि तो खिडकीखालच्या खुर्चीत अवघडून बसला. काय चाललंय म्हणून विचारलं. मी कोथिंबिरीच्या जुडीचा दोरा सोडला, त्याला गाठी मारल्या, मुठीत गोळा करून दाखवला. त्यानं नीट पाहिलं. म्हणाला, "लहानपणी ती अशीच माळा चुरगाळायची. आमची आय लय मारायची तिला."

 त्याचा प्रश्न तिथेच होता, मला दिसत होता. या वेळी रस्त्यात टेम्पो नव्हता, मागून बस येत नव्हती. शालन, मला तुझी बाजू सावरायची नव्हती, की स्वतःला चांगलं म्हणवायचं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, मी तुला सोबत म्हणून येते. घरातलं सगळं टाकून, यांची बोलणी खाऊन, एकट्या मैत्रिणीसाठी. दर रविवारी तुझ्या जिन्यात मी स्वतःवर खूश असायची. सहा माणसांच्या घरातून मी का पळत सुटत होते, हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ते माहीत होतं, म्हणून तर मशीन आधीच सुरू असायचं.

"दत्तूभाऊ," मी म्हटलं, "तिला एकटं वाटायचं का, ते मला माहीत नाही. ती कधी बोलली नाही. पण रविवारी सकाळी मी एकटी नसायचे."

 त्यानं उरलेल्या जुड्या टेबलावर ठेवल्या, टोपी काढून गुडघ्यावर घेतली.

"मंग आता रविवारी, ताई?" तो म्हणाला.